मोठ्या टीचिंग हॉस्पिटलमधली नोकरी : लॅबच्या खिडकीतून साडेतीन स्टार

नऊ वर्षं झाली, एका मोठ्या टीचिंग हॉस्पिटलच्या सेंट्रल लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नाव लिहीत नाही, अजून तिथलाच पगार घेते. नुकती पास झालेली मुलं-मुली विचारतात, अशा ठिकाणी नोकरी धरावी का? त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. डॉक्टरांचे अनुभव तुम्ही भरपूर वाचले असतील, हा सॅम्पल घेण्याच्या खिडकीच्या आतल्या बाजूचा.

एक गोष्ट मुलाखतीत कोणी सांगत नाही. साध्या हॉस्पिटलात माणूस एकदा रुळला की वर्षानुवर्षं टिकतो. इथे रुळला की जातो. इंटर्न तर विभाग बदलतच असतात, रेसिडेंट हाताशी यायला लागले की त्यांची परीक्षा येते. मागे उरतो आम्ही, सिस्टर आणि मशीन. त्यामुळे जी चूक गेल्या बॅचला समजावून समजावून घसा बसला, तीच नव्या बॅचबरोबर कोरी करकरीत परत येते.

उदाहरणार्थ, निळ्या झाकणाची ट्यूब. ती रक्त गोठण्याच्या तपासणीची. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रावण, म्हणून रेघेपर्यंत भरलीच पाहिजे. अर्धी भरली तर रक्त गोठायची वेळ खोटीच लांबलेली दिसते. तरी फोन येतोच, "मॅडम, थोडंसंच कमी आहे, घ्या ना चालवून." चालवून घेत नाही. मग वॉर्डातून सिस्टरचा फोन, मग युनिटच्या सरांचा. मी 'रिजेक्ट'चा शिक्का मारते खरी, पण दुसरी सुई पेशंटलाच टोचली जाणार आहे हे शिक्का मारताना मला ठाऊक असतं. ते काही सुखाचं नाही.

आता एका नाइटची गोष्ट सांगते, म्हणजे काम नेमकं कसं असतं ते कळेल. रात्रीचे अडीच. स्क्रीनवर पोटॅशियम 12.4. नॉर्मल साधारण 3.5 ते 5. असा आकडा दिसला की ताबडतोब वॉर्डाला फोन करायचा, पलीकडच्याने लिहून घ्यायचं आणि परत वाचून दाखवायचं, असा नियम. जिवाला धोका असलेले असे आकडे लॅबने लगेच कळवावेत, ही पद्धत लंडबर्ग नावाच्या पॅथॉलॉजिस्टने 1972 मध्ये मांडली, आणि तेही एका मोठ्या टीचिंग हॉस्पिटलातच काम करत होते. पण फोन उचलण्याआधी मी खालची ओळ पाहिली. कॅल्शियम 3.1, म्हणजे नॉर्मलच्या निम्म्याहूनही कमी. अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइमही पार तळाला. तिन्ही एकदम असं वागले की माझा संशय पेशंटवर नसतो, जांभळ्या झाकणावर असतो. या तपासण्यांचं रक्त लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये येतं; जांभळीत मात्र ईडीटीए या रसायनाचा पोटॅशियम क्षार असतो. तो कॅल्शियम धरून ठेवतो, म्हणूनच त्यातलं रक्त गोठत नाही.

फोन इंटर्नने उचलला.

"पेशंट कसा आहे?"

"घोरतोय, मॅडम."

"जांभळ्यातलं रक्त लाल ट्यूबमध्ये ओतलंत का?"

पलीकडे शांतता. मग हळूच, "लालमध्ये कमी पडलं होतं… थोडंसंच ओतलं."

मागून रेसिडेंटचा आवाज येत होता, वाढलेल्या पोटॅशियमपासून हृदय सांभाळायला देतात ते कॅल्शियमचं इंजेक्शन भरायची गडबड चालली होती, कारण रिपोर्ट पडायच्या आत कोणीतरी आकडा मशीनवरून पाहून कळवला होता. (कोणी, ते आजतागायत कबूल झालेलं नाही.) मी म्हटलं, आधी ईसीजी बघा आणि ताजं सॅम्पल पाठवा. ताज्यात पोटॅशियम 4.3 आलं.

सकाळी ड्युटी संपवून तो मुलगा खिडकीशी आला. डोळे लाल, ॲप्रनवर रक्ताचा डाग. ओरडा बसणार असं धरूनच उभा होता. मी मुदत संपलेली एक जांभळी ट्यूब काढली आणि दिव्यासमोर धरून आतल्या भिंतीवरचा पांढुरका थर दाखवला. त्याने ट्यूब हातात घेऊन दोनदा फिरवली. म्हणाला, "हे रिकामंच असतं असं वाटायचं मला." कॉलेजात शिकवलं असणारच, पण दाखवलेलं नव्हतं.

हे शिकवणं माझ्या कामाच्या यादीत कुठेही नाही. वेळापत्रकात नाही, गोपनीय अहवालात नाही. एक स्टार तिथेच कापला. अर्धा स्टार रात्रीच्या मनुष्यबळासाठी : दोन माणसांचं काम एकटीने, त्यात मशीन बरोबर मोजतंय का ते तपासायचे कंट्रोल लावायची वेळ आणि अपघाताच्या केसेसची वेळ नेमकी एकच निघते.

मग साडेतीन तरी कशाला? कारण इथे जे बघायला मिळतं ते दुसरीकडे मिळत नाही. एकदा सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब काढली तर वर पिवळ्या सीरमच्या जागी दुधासारखं पांढरं. ट्रायग्लिसराइड हजारांत. पेशंट पोटदुखीने आलेला, स्वादुपिंडाला सूज. सोडियम 118, म्हणजे धोक्याइतकं कमी दिसत होतं. पण आमचं मशीन सीरम पातळ करून मोजतं, आणि सीरममध्ये चरबीने पाण्याची जागा खाल्ली की सोडियम उगाच कमी दिसतं. म्हणून तेच सॅम्पल पातळ न करता मोजणाऱ्या ब्लड गॅसच्या मशीनवर लावून बघितलं, 136, म्हणजे नॉर्मल. तसं कळवलं. तासाभराने प्रोफेसर मॅडम स्वतः आठ-दहा विद्यार्थी घेऊन खाली आल्या. ट्यूब हातोहात फिरली. मॅडमनी विचारलं, "सोडियमवर शंका कोणी घेतली?" सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. त्या दिवशी मी घरी जाऊन ते तीन जणांना सांगितलं, तिघांनाही काही कळलं नाही.

रुजू व्हायचं असेल तर दोन सूचना. मुलाखतीत पगाराआधी रात्री ड्युटीवर किती जण असतात ते विचारा. आणि स्वेटर न्या, एसी माणसांसाठी नसतो, मशीनसाठी असतो.