वॉशिंग्टन राज्याचा काउंटी ऑडिटर : टपाली मतदानाची सेवा कशी आहे आणि उमेदवार कसा पारखावा

बॉथेल किंवा मिल क्रीककडे राहणाऱ्या मराठी माणसाच्या हातात मतपत्रिका येते, त्यावर ‘ऑडिटर’ हे पद दिसतं, आणि पहिला विचार येतो तो हिशेब तपासणाऱ्या सीएचा. हा गैरसमज आधी दूर करायला हवा. वॉशिंग्टन राज्यात बहुतेक काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग) निवडणुका चालवतो तो ऑडिटर. मतदार नोंदणी, मतपत्रिका छापून घेणं, त्या घरी पाठवणं, सह्या तपासणं, मोजणी, सगळं त्याच्याकडे. त्याच कार्यालयात घराची खरेदीखतं नोंदवली जातात, गाडीचं लायसन्सिंग होतं आणि लग्नाचा परवाना मिळतो (तीन दिवस थांबावं लागतं आणि परवाना साठ दिवस चालतो, म्हणून मुहूर्त आधी पक्का करून मग अर्ज करा). ओहायोत याच नावाचा माणूस मालमत्तेचं मूल्यांकन बघतो. टेक्ससमध्ये त्याला न्यायाधीश नेमतात. तेव्हा दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा सल्ला इथे कामाचा नाही.

रेडमंड, बेलव्ह्यू, समामिश हे भाग किंग काउंटीत येतात. तिथे निवडणुकांसाठी ऑडिटर नाही, वेगळा निवडून आलेला संचालक आहे. बॉथेल शहर मात्र किंग आणि स्नोहोमिश या दोन काउंट्यांत विभागलेलं आहे. एकाच शहरातले दोन शेजारी वेगवेगळ्या पदासाठी मत देतात, हे लक्षात ठेवा.

आपल्याकडे जिल्हाधिकारी हाच जिल्हा निवडणूक अधिकारी असतो. तो नेमलेला, बदली होणारा. इथे हा माणूस चार वर्षांसाठी लोक निवडून देतात. आणि त्यासाठी कायद्याने मागितलेली पात्रता काय? त्या काउंटीत नोंदलेला मतदार असणं, एवढीच. पदवी नको, हिशेबाचं प्रमाणपत्र नको, निवडणुकीच्या कामाचा एक दिवसाचाही अनुभव नको. अर्जाची फी भरायची, पदाच्या वार्षिक पगाराच्या एक टक्का, झाला उमेदवार. म्हणून पात्रता तपासायचं काम कायद्याने मतदारावर टाकलेलं आहे, आणि ते नीट करता येतं. त्यासाठी आधी ही सेवा आतून कशी चालते ते माहीत हवं.

राज्यात ३९ काउंट्या आहेत आणि २०११ च्या कायद्यापासून सगळीकडे टपाली मतदान आहे. मतपत्रिका निवडणुकीच्या किमान १८ दिवस आधी टपालात पडतात. परदेशात असलेल्या मतदारांना आणि सैन्यातल्यांना ४५ दिवस आधी. परतीच्या लिफाफ्याला तिकीट लावावं लागत नाही. टपालात टाकायचं नसेल तर ड्रॉप बॉक्स, म्हणजे मतपत्रिका थेट टाकायच्या काउंटीच्या पेट्या, आहेत: दर १५,००० नोंदणीकृत मतदारांमागे किमान एक, आणि शिवाय प्रत्येक शहर-गावात एक. निवडणुकीच्या दिवशी रात्री आठला ते बंद होतात. नोंदणी राहिली असेल तर ऑनलाइन आठ दिवस आधीपर्यंत, आणि प्रत्यक्ष जाऊन अगदी त्याच दिवशी रात्री आठपर्यंत. इतकी सोय फार थोड्या ठिकाणी मिळते. या भागाला आम्ही पूर्ण गुण देतो.

कच्चा दुवा आहे तो लिफाफ्यावरच्या सहीचा.

लिफाफा परत आला की त्यावरची सही नोंदणीतल्या सहीशी ताडून पाहतात. काय बघतात? अक्षरांची ठेवण, तिरकेपणा, उंची-रुंदीचं प्रमाण, अक्षरांमधली जागा, हाताचा ओघ. नावाऐवजी आद्याक्षरं लिहिली किंवा रूढ टोपणनाव वापरलं तर चालतं, पण आडनाव आणि हस्ताक्षर तेच असल्याचं स्पष्ट दिसलं पाहिजे. पहिल्या कर्मचाऱ्याला जुळली नाही तर लिफाफा दुसऱ्याकडे जातो. त्यालाही पटलं नाही तर मतदाराला पत्र जातं, सोबत फॉर्म असतो, तो सही करून परत पाठवायचा. तीन सदस्यांचं मंडळ, म्हणजे ऑडिटर, काउंटीचा सरकारी वकील आणि काउंटी कौन्सिलचे अध्यक्ष, किंवा त्यांनी नेमलेले प्रतिनिधी, निकाल प्रमाणित करण्यासाठी बसतं. त्या बैठकीच्या तीन कामकाजी दिवस आधीपर्यंत उत्तर आलं नाही तर फोन करून कळवण्याचा प्रयत्न करणं बंधनकारक आहे. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत प्रमाणनाला २१ दिवस मिळतात, ऑगस्टच्या प्राथमिक फेरीत १४.

मराठी घरांत सही का अडते ते सांगतो. नोंदणीतली सही बहुतेकदा ड्रायव्हिंग लायसन्सच्या वेळी छोट्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर प्लास्टिकच्या काडीने केलेली असते: आखूड, थरथरलेली, शेवटचं अक्षर कापलं गेलेलं. लिफाफ्यावर मात्र माणूस बँकेची सवयीची सही करतो, तीही कधी देवनागरीत, वरची रेघ लांब ओढून. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईची नोंदणीत माहेरची सही राहून गेलेली असते. नवरा-बायको एकमेकांचे लिफाफे उचलतात आणि दोघांचीही मतं अडकतात, हेही नेहमीचंच. उपाय साधा: नोंदणीत ज्या लिपीत आणि ज्या नावाने सही आहे तशीच करा, लिफाफ्यावर छापलेलं नाव आधी वाचा, आणि सही कायमची बदलली असेल तर निवडणुकीची वाट न बघता नवीन नोंदणी फॉर्म भरून नोंद ताजी करा. लिफाफ्यावर फोन नंबर लिहायला जागा असते, ती रिकामी सोडू नका. अडलं तर कळवणार कसं?

ही सगळी किरकोळ बाब वाटत असेल तर २००४ ची गव्हर्नरची निवडणूक बघा. पहिल्या मोजणीत रिपब्लिकन उमेदवार डिनो रॉसी २६१ मतांनी पुढे. यंत्राने फेरमोजणी झाली, आघाडी ४२ वर आली. मग हाताने मोजणी झाली आणि सुमारे २८ लाख मतांत डेमोक्रॅट क्रिस्टीन ग्रेग्वार १२९ मतांनी जिंकल्या. याच दरम्यान किंग काउंटीत चुकून नाकारलेले शेकडो लिफाफे सापडले. पहिला आकडा ५७३ होता. कर्मचाऱ्यांना संगणकात या मतदारांची सही मिळाली नव्हती. अशा वेळी कागदी नोंदणी कार्ड काढून बघायचं असतं. ते न बघता लिफाफे ‘नाकारले’च्या ढिगात गेले होते. त्या यादीत काउंटी कौन्सिलचे सदस्य लॅरी फिलिप्स यांचंही नाव निघालं. एका टेबलावर एक पायरी गाळली गेली आणि राज्याचा निकाल कोर्टापर्यंत गेला. पुढे २००८ मध्ये किंग काउंटीच्या मतदारांनी निवडणूक संचालकाचं पद निवडणुकीतून भरायचं ठरवलं.

राज्याच्या लेखापरीक्षकांनी (हे काउंटी ऑडिटरहून वेगळं पद) २०२२ मध्ये याच विषयावर अहवाल दिला. २०२० च्या मुख्य निवडणुकीत नाकारलेली मतं एक टक्क्याहून कमी होती, पण कृष्णवर्णीय मतदारांची मतं गोऱ्यांच्या चौपट प्रमाणात नाकारली गेली, तरुणांचीही जास्त. आशियाई वंशाच्या मतदारांचं प्रमाणही गोऱ्यांपेक्षा चढं होतं. हजारो सह्या पुन्हा तपासल्यावर निर्णयांमध्ये पक्षपाताचा पुरावा मिळाला नाही. मग फरक सर्वांत जास्त कशाने पडला? मतदार कोणत्या काउंटीत राहतो याने. म्हणजे कायदा एक, निकष एक, आणि तरीही कार्यालय कसं चालवलं जातं यावर तुमचं मत मोजलं जाणं अवलंबून. ऑडिटरच्या उमेदवाराकडे एवढ्या बारकाईने का बघायचं, याचं आमच्या मते सर्वांत भक्कम कारण हेच.

दुसरा कच्चा दुवा टपालाच्या शिक्क्याचा. राज्याच्या कायद्यात निवडणुकीच्या दिवसापर्यंतचा शिक्का ग्राह्य धरतात. पण तुम्ही पेटीत टाकलं ती तारीख आणि शिक्क्याची तारीख एक नसते. शेवटच्या दिवशी संध्याकाळी, पेटी उघडून गेल्यावर टाकलेल्या लिफाफ्यावर दुसऱ्या दिवसाचा शिक्का बसतो आणि मत बाद होतं. शेवटच्या आठवड्यात टपालाच्या नादी लागू नका, सरळ ड्रॉप बॉक्स गाठा. नंतर राज्याच्या व्होटवा या संकेतस्थळावर लिफाफा स्वीकारला गेला का ते बघा. ‘मिळाला’ आणि ‘स्वीकारला’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. ‘मिळाला’वर समाधान मानू नका. मतदानाच्या वेळी भारतात असाल तर आधीच पत्ता कळवून ठेवा. परदेशातून सही केलेलं प्रतिज्ञापत्र आणि मतपत्रिका ईमेलने पाठवता येते, त्या दिवशी रात्री आठच्या आत, आणि ते आठ वॉशिंग्टनचे.

ड्रॉप बॉक्सही निर्धोक नाहीत. २८ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे व्हँकुव्हर शहरातल्या (क्लार्क काउंटी) एका पेटीत कुणीतरी पेटवणारं साधन लावलं आणि शेकडो मतपत्रिका जळाल्या-भिजल्या. पेटीत आग विझवणारी यंत्रणा होती, पण तिने हवं तसं काम केलं नाही. त्याच पहाटे नदीपलीकडे पोर्टलँडमध्ये तसाच प्रकार झाला, तिथल्या यंत्रणेने जवळजवळ सगळं वाचवलं. क्लार्कच्या कार्यालयाने अर्धवट जळालेल्या लिफाफ्यांवरून नावं लावली आणि त्या मतदारांना नव्या मतपत्रिका पाठवल्या. संकटानंतरचं हे काम चोख झालं. पण पेटी दिवसातून किती वेळा रिकामी होते, हा प्रश्न उमेदवाराला विचारायलाच हवा, कारण पेटीत जितकं कमी साठेल तितकं कमी जळेल.

मोजणीची बाजू बरीच मजबूत आहे. आधी यंत्रांची जाहीर चाचणी होते. आठच्या आधी निकाल बाहेर पडत नाही. नंतर काही गठ्ठे हाताने मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडतात. नेहमीच्या पद्धतीत कमाल तीन प्रभाग किंवा सहा गठ्ठे, किंवा काउंटीने ठरवलं तर संख्याशास्त्रावर आधारलेली जोखीम-मर्यादित तपासणी, म्हणजे चुकीचा निकाल नजरेतून सुटण्याची शक्यता ठरलेल्या मर्यादेखाली ठेवणारी. आपल्याकडे विधानसभा मतदारसंघामागे पाच व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात, त्याच जातीचं हे काम. दोन उमेदवारांतला फरक २,००० मतांहून आणि अर्ध्या टक्क्याहूनही कमी असेल तर यंत्राने फेरमोजणी आपोआप होते. स्थानिक लढतीत फरक १५० मतांहून आणि पाव टक्क्याहूनही कमी असेल तर हाताने.

आता उमेदवार. मतदार पुस्तिकेतलं निवेदन उमेदवाराने स्वतः लिहिलेलं असतं, त्याला जाहिरात समजून वाचा. अनुभवात काय बघायचं? लाखभर लिफाफ्यांचा साठा आणि त्यांचा हिशेब सांभाळलाय का, हंगामी माणसं घेऊन त्यांना शिकवलंय का, छपाईचं कंत्राट हाताळलंय का, सार्वजनिक माहितीचे अर्ज निपटलेत का. निवडणूक प्रशासनाचं राज्याचं प्रमाणपत्र असेल तर उत्तम. नुसता सीए-सीपीए असणं दुय्यम. सध्याचाच ऑडिटर पुन्हा उभा असेल तर काम सोपं: प्रत्येक निवडणुकीनंतर ताळेबंदाचा अहवाल प्रसिद्ध होतो. किती लिफाफे आले, किती स्वीकारले, किती नाकारले, किती मतपत्रिका मोजल्या. स्वीकारलेले लिफाफे आणि मोजलेल्या मतपत्रिका जुळत नसतील तर फरकाचं कारण शब्दांत लिहिलंय का ते बघा.

मतदानाच्या धोरणावर बोलताना उमेदवार दोन गोष्टींची गल्लत करतात: ऑडिटरच्या हातात काय आहे आणि विधिमंडळाच्या हातात काय. टपाली मतदान बंद करणं, नोंदणीसाठी जादा कागद मागणं, शिक्क्याची मुदत बदलणं हे ऑडिटरच्या अधिकारात नाही. असं वचन देणाऱ्याला कायदा माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नसेल असं तो धरून चालतो. ‘सगळी मतं हातानेच मोजू’ म्हणणाऱ्याला गणित विचारा. स्नोहोमिशमध्ये पाच लाखांच्या आसपास मतदार, एका मतपत्रिकेवर वीसेक लढती, तर किती माणसं, किती दिवस, किती खर्च आणि चुकांचं प्रमाण किती? हाताने मोजताना माणूस थकतो, थकल्यावर गठ्ठा चुकतो. म्हणूनच हाताची मोजणी तपासणीसाठी आणि अटीतटीच्या लढतीसाठी राखलेली आहे.

त्याच्या हातात खरोखर काय आहे? किमान संख्येहून जास्त पेट्या, त्या कुठे ठेवायच्या, प्रत्यक्ष नोंदणी आणि मदतीसाठीच्या मतदान केंद्रांच्या वेळा, सही तपासणाऱ्यांचं प्रशिक्षण, नाकारलेल्या मतदाराला किती वेळा आणि कोणत्या वेळी फोन करायचा, निरीक्षकांना टेबलाच्या किती जवळ उभं राहू द्यायचं, कॅमेऱ्याचं थेट प्रक्षेपण. आम्ही उमेदवाराला पहिला प्रश्न असा विचारू: ‘गेल्या नोव्हेंबरात आपल्या काउंटीत सहीमुळे किती मतं नाकारली गेली आणि त्यातली किती दुरुस्त होऊन मोजली गेली?’ आकडा ठाऊक असलेला उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, तो कार्यालयाच्या दाराच्या आत जाऊन आलेला आहे.

घरात ग्रीन कार्डवर किंवा एच-वनवर असलेल्यांनी मात्र लायसन्सच्या खिडकीवर मतदार नोंदणीचा प्रश्न आला की ‘नाही’ हेच उत्तर द्यायचं. नागरिक नसताना नोंदणी झाली तर पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडकतो, हद्दपारीपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. चुकून नाव लागलंच असेल तर मत देऊ नका, लगेच इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा आणि त्याच्या सल्ल्याने ऑडिटरकडे लेखी अर्ज करून नाव काढून घ्या, अर्जाची प्रत जपून ठेवा.