ढोम्याचं डोकं मागून घ्या

दांडिया बाजारातून स्कूटरवर 20 मिनिटं पडतात, तरी ढोमे घ्यायला मी याच दुकानात जातो. माल बर्फात नीट दाबलेला, कल्ले लालभडक. तक्रार एकच: वजन अख्ख्या माशाचं आणि डोकं गुपचूप बादलीत! आता मी आधीच बजावतो, "भाई, माथुं मने आपजो." मग चिरून देतात, वेगळे पैसे न घेता.

आईने कालवण केलं की ताटात खरी गंमत. कवटीतून दोन पांढरे, जाडसर खडे निघतात. माशाच्या कानातले, तोल सांभाळायला आणि ऐकायला, कॅल्शियम कार्बोनेटचे. ढोमा आणि त्याची थोरली बहीण घोळ (2023 पासून गुजरातचा राज्यमासा) यांच्या कुळात ते चांगलेच मोठे असतात. पातळ छेद घेतला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात, त्यावरून शास्त्रज्ञ माशाचं वय मोजतात. माझी लेक पॉलिश पेपरवर घासून बघते. आतापर्यंत 2 खडे मोडले, वय एकाचंही कळलं नाही. काड्यापेटीत 11 जोड्या शिल्लक आहेत.

रविवारी 9 च्या आत पोचा. उशिरा गेलात तर नुसती कोळंबी उरते.