बदकाची अंडी कोणाखाली उबवावीत : बदक, खुडूक कोंबडी की यंत्र?

परसात चार-सहा बदके पाळणाऱ्याला पिल्ले हवी असतील, तर त्याच्यापुढे तीन मार्ग असतात. बदकाच्या मादीलाच अंड्यांवर बसू द्यावे, एखाद्या खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली ती अंडी ठेवावीत किंवा उबवणी यंत्र वापरावे. या तिन्हींची तुलना बहुधा किती अंडी फुटली एवढ्यावरच केली जाते. माझ्या मते ते माप अपुरे आहे, कारण पिल्ले बाहेर आल्यावर पुढचे काही आठवडे त्यांना ऊब कोण देणार, पाण्यात भिजण्यापासून आणि कावळ्या-मांजरांपासून कोण जपणार, हे अंडी मांडण्याआधीच ठरलेले असावे लागते.

त्याहीआधी आपले बदक कोणत्या जातीचे आहे ते पाहावे. मॅलार्ड या रानबदकापासून निपजलेल्या सर्व पाळीव जातींची अंडी साधारण 28 दिवसांत फुटतात, तर मस्कोव्ही या वेगळ्या प्रजातीच्या बदकाच्या अंड्यांना सुमारे 35 दिवस लागतात. मस्कोव्हीची मादी बसण्याच्या बाबतीत सर्वांत भरवशाची असून बारा-पंधरा अंडी ती सहज झाकते. खाकी कॅम्पबेल आणि इंडियन रनर यांसारख्या अंड्यांसाठी निवडत आणलेल्या जाती मात्र क्वचितच खुडूक होतात. मादी खुडूक झाली की तिचे अंडी घालणे थांबते, त्यामुळे अधिक अंड्यांसाठी निवड करताना हा गुण मागे पडत गेला. अशा जातीची मादी चार दिवस घरट्यात बसलेली दिसली म्हणून तिच्या भरवशावर अंडी सोपवू नयेत. छातीची मऊ पिसे उपटून घरट्यात पसरणे, हात जवळ नेताच पिसे फुलवून फुसकारणे आणि रात्रीही घरटे न सोडणे ही लक्षणे एकत्र दिसली, तरच ती खरोखर बसली असे समजावे.

खरोखर बसलेल्या मादीची बरोबरी यंत्राला करता येत नाही. ती दिवसातून एक-दोनदा घरट्याबाहेर येते. उठण्यापूर्वी उपटलेली मऊ पिसे चोचीने अंड्यांवर ओढून घेते, बाहेर येताच भलीमोठी, उग्र वासाची विष्ठा टाकते, घाईघाईने दाणे खाते, पाण्यात दोन-चार बुड्या मारते आणि साधारण अर्ध्या तासात ओलसर छातीनेच परत येऊन बसते. अंडी थोडा वेळ निवणे आणि कवचाला ओल मिळणे हे या एका फेरीत आपोआप साधते, आणि एरवी ती अंडी दिवसभर सरकवत-उलटवत असतेच. पाळणाऱ्याला घरट्याजवळ दाणापाणी ठेवण्यापलीकडे फारसे काही करावे लागत नाही.

तिची उणीव आहे ती शेजाऱ्यांमुळे. कळपातील इतर माद्या तिच्याच घरट्यात अंडी घालून जातात, त्यामुळे अंड्यांची वये वेगवेगळी होतात. पहिली पिल्ले फुटून वाळली की दीड-दोन दिवसांत ती त्यांना घेऊन निघून जाते आणि मागे राहिलेली अर्धवट वाढलेली अंडी थंड पडतात. म्हणून मांडलेल्या अंड्यांवर पेन्सिलीने खूण करून बिनखुणेची अंडी रोज काढून घ्यावीत. दोन माद्या एकाच घरट्यात बसल्या तर अंड्यांची ओढाओढ होऊन नुकसान ठरलेलेच. शिवाय घरटे जमिनीवर असल्याने उंदीर, साप आणि कुत्री यांचे भय असते, आणि मादी खायला बाहेर आली की नर तिच्या मागे लागतो. जाळी लावलेली स्वतंत्र खोली किंवा खुराडा देणे शक्य नसेल, तर हा मार्ग दिसतो तितका स्वस्त नाही.

खुडूक कोंबडी हा जुना आणि खात्रीचा पर्याय आहे, मात्र थोड्या अंड्यांसाठी. बदकाचे अंडे कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठे असते, त्यामुळे मध्यम बांध्याच्या कोंबडीखाली सहा-सात अंडी पुरे. लहान चणीच्या कोंबडीला ती नीट उलटता येत नाहीत. अशा वेळी अंड्याच्या एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढून, ती खायला उठली की आपण ती उलटावीत. कोंबडी पाण्यात जात नाही, म्हणून शेवटच्या आठवड्यात अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका शिडकावा करण्याची पद्धत आहे. तिची रवण मुळात 21 दिवसांची असली, तरी चांगली कोंबडी 28 दिवस तग धरते. मस्कोव्हीच्या अंड्यांसाठी तिला 35 दिवस बसवणे मात्र मला योग्य वाटत नाही. तेवढ्या काळात ती खंगते आणि ऐन शेवटी उठून जाण्याची शक्यता वाढते.

यंत्राचा खरा फायदा म्हणजे ते कोणाच्या खुडूक होण्याची वाट पाहत नाही. पंख्याच्या यंत्रात तापमान 37.5 अंश सेल्सिअस, आर्द्रता सुरुवातीला 55 ते 60 टक्के आणि 25व्या दिवसापासून 70 टक्क्यांच्या आसपास ठेवतात. त्याच दिवसापासून अंडी उलटणे थांबवतात. खरी परीक्षा याच तीन दिवसांत असते. पिल्लू आधी रुंद टोकाकडील हवेच्या पोकळीत चोच घालते, मग कवचाला पहिला तडा देते आणि त्यानंतर पूर्ण बाहेर यायला त्याला एक ते दोन दिवस लागू शकतात. या काळात झाकण उघडून पाहण्याचा मोह ज्याला आवरत नाही, त्याने यंत्राच्या वाटेला जाऊ नये. झाकण उघडले की आर्द्रता घसरते, कवचाखालचे पापुद्रे वाळून आवळतात आणि पिल्लू आतच अडकते. वीज वारंवार जात असेल, तर यंत्राच्या किमतीत पर्यायी विजेची सोयही धरावी.

पिल्ले निघाल्यानंतरचा फरक याहून मोठा आहे. आईसोबतची पिल्ले तिच्या पंखांखाली वाळतात, तिच्या मागे पाण्यात उतरतात आणि थंडी वाजली की परततात. यंत्रातील पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे 32 अंशांची ऊब द्यावी लागते आणि ती दर आठवड्याला थोडी थोडी कमी करावी लागते. लवकर पोहायला सोडल्यास ती भिजून गारठतात. कोंबडीखाली निघालेली बदकाची पिल्ले ऊब मिळाली तरी पाण्याबाबत निराधारच असतात. ती डबक्यात उतरली की काठावर कोंबडी कासावीस होऊन फेऱ्या मारते, हे दृश्य गमतीचे वाटले तरी पिल्लांना बाहेर काढणे तिच्या हातात नसते. म्हणून सुरुवातीला नाकपुड्या बुडतील एवढेच पाणी उथळ भांड्यात द्यावे. आणखी एक गोष्ट म्हणजे पिल्लू जन्मताच ज्याला पाहते, त्याच्यामागे लागते. कोंबडीने वाढवलेले नर पुढे कोंबड्यांवर चढू पाहतात आणि त्यात कोंबड्यांना इजा होते. खाद्यातही लक्ष हवे. बदकाच्या पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त नायसिन (एक ब जीवनसत्त्व) लागते, ते कमी पडले की पाय वाकतात, म्हणून कोंबडीचे खाद्य देत असल्यास त्यात यीस्ट मिसळावे.

मस्कोव्ही मादी आणि सुरक्षित खुराडा असेल, तर दुसरा विचार करण्याचे कारण नाही. बदके न बसणाऱ्या जातीची आणि पिल्ले पाच-सहाच हवी असतील, तर कोंबडी बरी. डझनांनी पिल्ले हवी असतील किंवा ठरावीक तारखेला हवी असतील, तर यंत्र घ्यावे, आणि त्या काळात एखादी बदकाची मादी खुडूक असल्यास दोन्हींचा मेळ घालावा. यंत्रातून निघालेली, वाळलेली, एक-दोन दिवसांची पिल्ले अंधार पडल्यावर तिच्या पंखांखाली सरकवावीत आणि खालची अंडी त्याच वेळी काढून घ्यावीत. ती निदान तीन आठवडे बसलेली असेल, तर पिल्ले स्वीकारण्याची शक्यता अधिक असते. उजाडताच तेथे हजर राहावे, आणि ती पिल्लांना टोचताना दिसली तर लगेच परत आणता यावीत म्हणून उबेची पेटी चालूच ठेवावी.