थिंकपॅड एक्स२२०, सात ओळींच्या कीबोर्डपायी

माझं काम कोर्टाच्या कागदांच्या भाषांतराचं. खरेदीखतं, वारसाचे दावे, जबान्या. पानामागे पैसे, त्यामुळे दिवसाचे सहा-सात तास बोटं चालूच. लॅपटॉप घेताना लोक आधी प्रोसेसर विचारतात, मी आधी कीबोर्डवर हात ठेवून बघते.

लेनोवोचा थिंकपॅड एक्स२२० हा २०११ सालचा. मी तो २०१९ मध्ये पुण्याच्या तापकीर गल्लीतून जुना घेतला, साडेनऊ हजारांना. साडेबारा इंची स्क्रीन, कोअर आय५-२५२०एम, ४ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बिनधास्त घ्या, पुढे सगळं वाढवता येतं." सगळं वाढत नाही. काय वाढतं आणि काय नाही, हे मला हळूहळू कळलं.

आधी कीबोर्डच. जुन्या घडणीचा, सात ओळींचा. होम, एंड, पेज अप, पेज डाउन यांचा वर उजवीकडे वेगळा गठ्ठा, आणि एस्केप व डिलीट दुप्पट उंच. माझ्या धंद्यात खोडणं लिहिण्याइतकंच चालतं, त्यामुळे तेवढी मोठी डिलीट मला हवीच. पुढच्याच वर्षी आलेल्या एक्स२३० मध्ये एक ओळ कमी झाली आणि हा गठ्ठाही विस्कटला. मी इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या सरकारी कीबोर्ड मांडणीत, टाइप करते: मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. त्यात 'ऑ' येतो एंटरच्या वरच्या बॅकस्लॅशवर, शिफ्ट दाबून. माझ्या कामात दर दुसऱ्या ओळीला 'ऑर्डर'! इथे ती कळ चांगली रुंद आहे. लेकीच्या नव्या, पातळ लॅपटॉपवर तीच कळ अंग चोरून बसलीये, आणि टाइप करताना पत्र्याच्या डब्यावर बोटं आपटल्यासारखं वाटतं. ती माझ्या मशीनला वीट म्हणते. म्हणू दे.

एक खोड मात्र आहे. डावीकडच्या अगदी कोपऱ्यात कंट्रोल नाही, एफएन (Fn) आहे. पहिले पंधरा दिवस मी कॉपी करायला जायची आणि काहीच व्हायचं नाही. मग कळलं की बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, दोन्हींची अदलाबदल करता येते. मी मुद्दाम केली नाही, कारण तोवर दिव्याची सवय लागली होती. स्क्रीनच्या वरच्या काठाला छोटा दिवा आहे. एफएन आणि पेज अप एकदम दाबलं की कीबोर्डवर उजेड पडतो. कीबोर्डचे हे दोन समोरासमोरचे कोपरे, त्यामुळे लाइट गेली तरी चाचपून सापडतात.

आता वाढवायचं. रॅमचं झाकण मशीनच्या पोटाशी आहे, कुठला स्क्रू त्याचा हे शेजारच्या चित्रावरून कळतं. पहिल्यांदा मी डीडीआर४ घेऊन आले. खाचच जुळेना. चूक माझी, याला डीडीआर३ लागते. कंपनीच्या कागदावर कमाल ८ जीबी लिहिलंय, पण ८-८ च्या दोन पट्ट्या लावल्या तर १६ जीबी व्यवस्थित चालते. माझी चालते आहे.

डिस्क बदलणं त्याहून सोपं. उजव्या कडेचा एक स्क्रू काढला की ती ड्रॉवरसारखी बाहेर येते. फक्त ७ मिलीमीटर जाडीचीच घ्यायची, साडेनऊची आत जात नाही. एसएसडी, म्हणजे चिपवाली वेगवान डिस्क, टाकल्यावर खरा फरक पडला. पूर्वी मशीन सुरू करून चहा टाकून यायची, आता गाळणं सापडेपर्यंत तयार असतं. सिम-मोडेमच्या कार्डासाठी आत जी जागा आहे तिथे एमसाटा नावाची छोटी एसएसडीही बसते, पण तिथला वेग सेकंदाला ३ गिगाबिटचा आणि मुख्य डिस्कचा ६ चा. म्हणून सिस्टीम मुख्य डिस्कवर आणि जुन्या फायली एमसाटावर ठेवल्यात. नव्या, आणखी वेगवान एनव्हीएमई एसएसडी इथे चालणार नाहीत.

वाय-फाय कार्ड बदलायचा बेत असेल तर सावध. बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड लावलं की १८०२ नंबरचा संदेश येतो आणि गाडी तिथेच थांबते. लोक बायोस बदलून यातून वाट काढतात. माझ्या पोटापाण्याच्या मशीनवर असले प्रयोग नकोत. मी यूएसबीत अंगठ्याएवढं वाय-फाय लावलं. यूएसबी मात्र तीनही २.० चे. आय७ वाल्या मॉडेलला एक ३.० मिळतो. माझ्यासारख्यांनी बाजूच्या एक्सप्रेसकार्डच्या खाचेत यूएसबी ३ चं कार्ड घालायचं.

प्रोसेसर बोर्डाला डाखलेला आहे, तो बदलता येत नाही. त्याच वर्षीच्या थिंकपॅड टी४२० मध्ये तो सॉकेटात असतो. तेव्हा एक्स२२० मध्ये आय७ हवा असेल तर तो घेतानाच बघून घ्या.

मला सगळ्यात जास्त जाचते ती स्क्रीन. १३६६ बाय ७६८. डावीकडे मूळ दस्त, उजवीकडे भाषांतर ठेवलं की धड पंधरा ओळी दिसत नाहीत. आयपीएस पॅनेलवालाही मिळतो, त्यात तिरकं पाहिलं तरी रंग टिकतात. दुकानात स्क्रीन वरून-खालून तिरकी करून पाहा, रंग उलटेपालटे झाले तर तो साधा पॅनेल. घरी मी डिस्प्लेपोर्टमधून मोठा मॉनिटर जोडते. एचडीएमआय नाही, व्हीजीए आहे.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम ही सुरक्षेची चिप २.० ची आणि इंटेलची आठवी पिढी लागते, हे दुसऱ्या पिढीचं आणि टीपीएम १.२ वालं. मी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकली, इन्स्क्रिप्ट तिच्यात आहेच. जुन्या फाँटातल्या फायली घेऊन एखादे वकीलसाहेब आले तर तेवढ्यापुरता लेकीचा विंडोजवाला लॅपटॉप मागावा लागतो.

मध्यंतरी 'र' ची कळ अडायला लागली म्हणून अख्खा कीबोर्ड बदलला, घरीच, अर्ध्या तासात. तेव्हाच एक जादाचा घेऊन ठेवलाय. कपाटात, साड्यांच्या खाली.