टीमचं काम ग्रुपवर चालवावं की मेलवर?

नवी टीम हाती आली की पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न समोर येतो. कामाचं बोलणं चॅट ग्रुपवर ठेवायचं की मेलवर? दोन्ही तुम्ही वापरत असणारच, त्यामुळे कशात काय सोय आहे याची यादी देत नाही. मी दोन्ही पद्धतींनी टीम चालवली आहे. माझा कल कुठे आहे हे पुढे कळेलच, पण आधी ग्रुपची बाजू मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे.

ग्रुपला वेगात तोड नाही. सर्व्हर बंद पडला, माल चुकीच्या गेटवर उतरला, उद्याची मीटिंग तासभर पुढे गेली, अशा वेळी मेल लिहीत बसणं निरर्थक. फोटो काढला, टाकला, ज्याला बघायचाय त्याने बघितला. दुसरी गोष्ट मला वेगापेक्षाही मोलाची वाटते. नवख्या माणसाला मेल लिहायचं दडपण येतं. सुरुवात कशी करू, साहेबांना असं विचारलेलं चालेल का, या विचारात त्याची शंका मनातच राहते. तोच माणूस ग्रुपवर सहज दोन ओळी टाकतो. टीम बोलती व्हायला हवी असेल तर ग्रुप हवाच, यावर माझा वाद नाही.

मग अडतं कुठे? माझ्यापुरतं एकाच ठिकाणी अडलं, आणि त्यावरच निर्णय झाला. ग्रुपवर उत्तर प्रश्नापासून सुटतं.

असा मेसेज तुम्हीही पाहिला असेल: ‘सर, जुनंच डिझाइन ठेवायचं का? क्लायंटला आज कळवू की सोमवारी? आणि बिलात वाहतूक धरायची ना?’ मध्ये कुणीतरी वेगळ्याच कामाची फाइल टाकतं, दोघेजण तिसऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात, आणि मग सरांचं उत्तर येतं, ‘हो, चालेल.’ खाली चार अंगठे. आता यातलं काय चालेल? डिझाइन करणाऱ्याला वाटतं जुनं डिझाइन कायम झालं, बिल करणारा वाहतूक धरून मोकळा होतो, आणि क्लायंटला आज कळवायचं की सोमवारी, हे कुणालाच कळलेलं नसतं. पुन्हा विचारायचा संकोच वाटतो, कारण उत्तर तर आलेलं आहे. यात कुणीही कामचुकार नाही. प्रत्येकाने आपापल्या समजुतीने नीटच काम केलेलं असतं, म्हणून तर हे इतकं जिव्हारी लागतं.

खरा त्रास महिन्याभराने होतो. बिलावरून प्रश्न निघतो आणि आपण ग्रुपवर ‘वाहतूक’ शोधतो. प्रश्न सापडतो. उत्तर सापडत नाही, कारण उत्तरात ‘वाहतूक’ हा शब्दच नाही, तिथे फक्त ‘हो, चालेल’ आहे. मग बोटाने वर-खाली करत बसायचं. उत्तर व्हॉइस नोटमध्ये दिलेलं असेल तर एकेक नोट कानाला लावायची. मेलमध्ये उत्तराच्या खाली मूळ प्रश्न आपोआप येतो, विषयाची ओळ सोबत राहते, आणि शिस्तीचा माणूस प्रत्येक प्रश्नाखाली त्याचं उत्तर लिहितो. शोधायला गेलं की दोन्ही एकाच ठिकाणी हाती लागतात.

यावर कुणी म्हणेल की ग्रुपवरही त्याच मेसेजला धरून रिप्लाय देता येतो. येतो. व्हॉट्सॲपवर मेसेज बाजूला सरकवला की झालं, आणि स्लॅक या ऑफिसच्या चॅट ॲपवर तर २०१७ पासून थ्रेड आहेत, म्हणजे मूळ मेसेजखालीच त्याची उत्तरं जोडलेली राहतात. ज्यांची टीम हे काटेकोरपणे पाळते त्यांनी माझं म्हणणं खुशाल सोडून द्यावं. पण ती सोय प्रत्येकाने प्रत्येक वेळी आठवणीने वापरावी लागते. घाईत असलेला, गाडीतून उतरता उतरता उत्तर देणारा वरिष्ठ ती वापरत नाही, आणि नेमके त्याच्याच उत्तरावर सगळ्यांचे हात अडलेले असतात. मेलमध्ये रिप्लाय दाबला की प्रश्न चिकटलेलाच येतो. शिस्त माणसाकडून मागण्यापेक्षा साधनातच असलेली मला जास्त खात्रीची वाटते.

नंतर टीममध्ये आलेल्या माणसाचंही तेच. सहा महिन्यांपूर्वी हे असं का ठरलं, हे त्याला सांगायचं तर मेलचा अख्खा ट्रेल फॉरवर्ड करता येतो. ग्रुपवरून स्क्रीनशॉट जमवावे लागतात. आणि जुनं बोलणं राहीलच असंही नाही. स्लॅकच्या फुकट प्लॅनमध्ये ९० दिवसांपूर्वीचं दिसत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांकडून काढून टाकता येतो. घरच्या गप्पांसाठी ही सोय उत्तम आहे, पण ठरलेल्या गोष्टींसाठी मला ती नको वाटते. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. त्यामुळे पाठवण्याआधी माणूस एकदा वाचून बघतो, आणि वाचता वाचता त्याला स्वतःलाच कळतं की आपलं अजून पुरतं ठरलेलं नाही. जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये ॲमेझॉनच्या वरिष्ठांच्या बैठकीतून पॉवरपॉइंट काढून पूर्ण वाक्यांतलं टिपण आणायला लावलं, ते मला म्हणूनच पटतं. सलग वाक्य लिहायला बसलं की विचारातली भोकं दिसतात.

मेलचे दोष झाकत नाही. रिप्लाय ऑलने वैताग येतो. सीसीत साहेबांना घालून दबाव आणणं तर त्याहून वाईट, त्याने टीममधला विश्वास जातो. लांबलचक मेल कुणी शेवटपर्यंत वाचत नाही, आणि विचारायचं असतं ते नेमकं शेवटच्या परिच्छेदात दडलेलं असतं. मेलमधला कोरडा सूर समोरच्याला राग वाटू शकतो, अशा वेळी सरळ फोन करावा. पण हे सगळं सांगून सुधारतं. सीसी कुणाला आणि कधी, मेल किती ओळींचा, विषयाच्या ओळीत काय लिहायचं, हे टीमशी बोलून ठरवलं की बरंच निवळतं.

वेळेचाही मुद्दा आहे, थोडक्यात सांगतो. रात्री नऊला आलेला मेल सकाळी वाचला तर कुणी काही म्हणत नाही. रात्री नऊला ग्रुपवर आलेला मेसेज उघडला की तो वाचल्याचं पाठवणाऱ्याला कळू शकतं, आणि मग उत्तर न देणं हेच उत्तर ठरतं. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्कातून मोकळं राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्या टीमपुरता तो निदान सवयीत तरी असावा, असं मला मनापासून वाटतं.

तर तुम्ही काय निवडावं? टीम सतत फिरतीवर असेल, शिफ्टमध्ये काम करत असेल, कामं त्याच दिवशी सुरू होऊन त्याच दिवशी संपत असतील, तर ग्रुप घ्या, तुमचं फारसं अडणार नाही. पण काम आठवडे-महिने चालणारं असेल, दोन-तीन विभागांतून जात असेल, बाहेरचा क्लायंट असेल, तर मी मेलच्या बाजूने बोलेन.

माझ्याकडे आता बोलणं ग्रुपवर होतं आणि ठरतं ते मेलवर. ग्रुपवर काही पक्कं झालं की ज्याने प्रश्न विचारला होता तोच लगेच छोटा मेल टाकतो. विषय: ‘निर्णय – बिलात वाहतूक’. खाली तीन ओळी: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. शेवटी ‘यात काही चुकलं असेल तर आज संध्याकाळपर्यंत कळवा.’ हे काम वरिष्ठाकडे ठेवू नका, त्याच्याकडून ते राहून जातं. विचारणाऱ्याला उत्तराची गरज असते, त्यामुळे तो विसरत नाही. आणि दोन्हींपैकी खरोखर एकच ठेवायची वेळ आली, तर मी मेल ठेवेन आणि तातडीच्या कामाला फोन उचलेन.