४३ पोट्टे, दोन दिवस चिखलदरा आणि ही बस (रिव्ह्यू लांब आहे, पण पूर्ण वाचा)

कॉलेजच्या ग्रुपसाठी बस शोधत शोधत इथं आला असाल तर थोडा वेळ काढून वाचा. आम्ही शोधत होतो तेव्हा सगळीकडे "मस्त सर्व्हिस", "सीट आरामदायी", "साऊंड एक नंबर" एवढंच लिहिलेलं सापडायचं, आणि मला जे जाणून घ्यायचं होतं ते कुणीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी मुद्दाम सविस्तर लिहून राहिली आहे. मी आमच्या कॉलेजच्या निसर्ग मंडळाची सेक्रेटरी, फायनल इयर. ऑगस्टमध्ये ४३ विद्यार्थी, दोन मॅडम आणि एक सर असे ४६ जण या ट्रॅव्हल्सवाल्यांच्या ४९ सीटर बसने नागपूर ते चिखलदरा जाऊन आलो, एक मुक्काम.

आधी मागच्या वर्षीचं सांगते, त्याशिवाय मी यांना पाच स्टार काऊन देऊन राहिली ते कळणार नाही. मागच्या वर्षी आम्ही पचमढीला गेलो होतो, दुसऱ्या एका एजंटकडून, नाव घेत नाही. रात्री ११ ला निघालो, म्हणजे सकाळी पोचू आणि एका मुक्कामाचे पैसे वाचतील असा आमचा हिशोब. छिंदवाड्याच्या पुढं सगळी बस झोपली होती, मी आणि माझी मैत्रीण पुढं केबिनमध्ये बसलो होतो, आणि मला दिसलं की ड्रायव्हरकाका दर पाच मिनिटांनी बाटलीतलं पाणी हातावर घेऊन डोळ्यांना लावतात, खर्रा तोंडात टाकतात, आणि तरी मान हळूच खाली जाते अन् झटक्यात वर येते. विचारलं, काका झोप आली का? म्हणाले, "कालपासून वरातीच्या गाडीवर होतो बेटा, घरी गेलोच नाही." तामियाचा घाट पुढं होता. आम्ही दोघी दोन तास त्यांच्याशी बोलत राहिलो, त्यांच्या पोरीचं नाव, शाळा, गाव, काहीही विचारत राहिलो, फक्त त्यांचे डोळे उघडे राहावे म्हणून. सरांना उठवलं नाही, कारण ते गाडी थांबवतील आणि ट्रीप कॅन्सल होईल ही भीती. आज ते आठवलं की पोटात गोळा येतो. उठवायलाच पाहिजे होतं, गाडी बाजूला लावून काकांना चार तास झोपू द्यायला पाहिजे होतं.

त्यामुळे यंदा दोन गोष्टी आधीच ठरवल्या, रात्रीचा प्रवास नाही, आणि ड्रायव्हर आदल्या रात्री कुठं होता ते विचारल्याशिवाय ॲडव्हान्स नाही.

यांच्या ऑफिसला आम्ही तिघं भाव विचारायला गेलो तर मालकांनीच उलट आम्हाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. सोबत शिक्षक किती, त्यात लेडीज किती, प्रिन्सिपलचं पत्र आहे का, पालकांचं संमतीपत्र घेतलं का, मुक्काम कुठं, ड्रायव्हर-क्लिनरच्या झोपायची सोय कुठं. हा शेवटचा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता. त्यांच्या बुकिंग फॉर्मवर त्यासाठी वेगळा रकानाच आहे, आणि खोली ग्राहकानेच द्यायची, बसमध्ये झोपा म्हणायचं नाही. आम्हाला ती खोली ४०० रुपयांत पडली. चारशे रुपयांत दुसऱ्या दिवशी झोप झालेला माणूस स्टिअरिंगवर असतो, मला तरी यापेक्षा स्वस्त काही माहीत नाही.

गाडीचा नंबर त्यांनी ॲडव्हान्सच्या आधीच दिला आणि म्हणाले चेक करून घ्या. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की फिटनेस कधीपर्यंत, इन्शुरन्स कधीपर्यंत, पीयूसी आहे की नाही हे दिसतं, दोन मिनिटांचं काम आहे, कुणालाही जमतं. आणि "ऐनवेळी दुसरी गाडी आली तर नंबर बदलला म्हणून तुम्हाला फोन येईल" असं लिहून दिलं. गाडी तीच आली.

पैशाचं खरं सांगते. यांचे ३८ हजार, ड्रायव्हरचा भत्ता धरून, टोल-पार्किंग वेगळं. दुसरीकडून २९ हजारांचं कोटेशन होतं. ९ हजारांचा फरक, म्हणून कमिटीत चांगलंच वाजलं, अर्धे म्हणे बस ती बसच असते. शेवटी मी मोबाईलवर भागाकार करून दाखवला, ४३ जणांत वाटले तर डोई २०९ रुपये. एका पिझ्झ्याचे पैसे. पचमढीच्या त्या रात्रीचं पण सांगितलं, कारण तोवर ते आम्ही दोघी सोडून कुणालाच माहीत नव्हतं. मग कुणी काही बोललं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी साडेपाचला बस कॉलेजच्या गेटवर. सहाला निघायचं होतं. पोट्ट्यांनी सवयीप्रमाणे बॅगा मागच्या सीटजवळ रचल्या, तर क्लिनरभाऊंनी एकेक उचलून खाली डिकीत टाकल्या, कारण त्या इमर्जन्सी दाराच्या पुढं होत्या. मग ड्रायव्हरकाका आत आले, ते दार उघडून दाखवलं, काच फोडायची हातोडी कुठं आहे ते दाखवलं, आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्यावर आहे तो दाखवला आणि दोघा उंच पोरांना म्हणाले तुम्ही या दाराजवळ बसा, वेळ आली तर तुम्ही उघडायचं. सगळे गप्प होऊन ऐकत होते. नागपूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, १ जुलै २०२३ ची पहाट आपल्याला पाठ आहे. नागपूरहून पुण्याला निघालेली बस समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ उलटली, दाराची बाजूच खाली गेली, आग लागली आणि २५ जण गेले, जे वाचले ते काच फोडून बाहेर आले. त्या हातोडीकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेनं पाहते.

कोंढाळीला पोहे-चहा, तिथून तळेगाव, अमरावती, परतवाडा. काकांनी ऐंशीच्या वर गाडी नेली नाही, मागून दोन-चार जण ओरडले "काका दाबा ना", त्यांनी आरशातून नुसतं पाहिलं.

आता मोजणीचं. मी प्रत्येक थांब्यावर बसमध्ये उभी राहून विचारायची "सगळे आले का रे", आणि सगळे ओरडायचे "होऽऽ". परतवाड्याला असंच झालं, मी काकांना म्हटलं चला, सारे आले. त्यांनी इंजिन बंदच ठेवलं. म्हणाले, "म्याडम, सारे आले हे काही उत्तर नाही, आकडा सांगा." मोजले तर ४५. परत मोजले, ४५. एक पोरगी चहाच्या टपरीमागे फोन चार्जिंगला लावून तिथंच बसून राहिली होती, तिच्या सीटवर मैत्रिणीची बॅग होती म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. पुढच्या घाटात मोबाईलला धड रेंज नव्हती. त्यानंतर आम्ही प्रत्येकाला एक नंबर दिला, बसमध्ये चढलं की एकापासून ४६ पर्यंत आपापला नंबर ओरडायचा, सर-मॅडमसकट. एक मिनिट लागतं. नंबर अडकला की लगेच कळतं कोण नाही ते. ही युक्ती पण काकांचीच.

चिखलदऱ्याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्यांनी पावसाळ्यात पाहिलं त्यांना माहीत आहे, ज्यांनी नाही पाहिलं त्यांनी जाऊन या. गाविलगड धुक्यात आख्खा गायब झाला होता, दहा फुटांवरचा दरवाजा दिसत नव्हता. रबडी खा.

पण भीमकुंडाचं लिहायलाच हवं. पाऊस सुरू होता, धबधबा भरून वाहत होता, आणि आमच्यातल्या सात-आठ पोरांना रील काढायला कठड्याच्या पलीकडे, पाण्याच्या जवळ जायचं होतं. सरांनी नाही म्हटलं तर ते माझ्याकडे आले, मी नाही म्हटलं तर म्हणे आम्ही बसमधून परत येतो, त्या वळणावर बस थांबवायला सांग, तिथून वाट आहे. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, कागदावर जेवढे थांबे लिहिले तेवढ्यातच गाडी थांबते. बस. आवाज चढवला नाही, लेक्चर दिलं नाही. पोरं फार चिडली, "पैसे आम्ही दिले ना" वगैरे झालं. मग मोठ्या मॅडम उभ्या राहिल्या आणि त्यांनी २०१४ च्या जूनचं सांगितलं, हैदराबादचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी हिमाचलात व्यास नदीच्या पात्रात खडकांवर फोटो काढत होते, वरून धरणाचं पाणी सोडलं आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले, ते पण सहलीलाच आले होते. मॅडमचा आवाज शेवटी बारीक झाला होता. त्या म्हणाल्या, या सगळ्यांच्या घरी कुणीतरी संमतीपत्रावर सही केली होती, तुमच्या घरच्यांसारखीच. त्यानंतर रीलचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजलं. सगळ्यांना सूर्यास्त पाहून निघायचं होतं आणि फॉर्मवर लिहिलं होतं "घाट उजेडात उतरणार, निघायची वेळ ३.३०". सूर्यास्त कसला, ढगच ढग होते, पण तरी हट्ट. काका साडेतीनला इंजिन सुरू करून बसले. घाटात धुकं एवढं दाट की समोरच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसायचा, काका वायपर चालू, खिडकी उघडी, प्रत्येक वळणावर हॉर्न, आणि क्लिनरभाऊ डाव्या बाजूला दारात उभे राहून कड सांगत होते. हे दिवसा चारच्या सुमारास. साडेसातला उतरलो असतो तर काय झालं असतं याचा विचार मी तेव्हा केला नाही, घरी येऊन केला. परतवाड्याला अर्धा तास थांबा, हा पण ठरलेलाच. लॉच्या मैत्रिणीनं नंतर मला दाखवलं, १९६१ च्या मोटार कामगारांच्या कायद्यातच (तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता) लिहिलेलं होतं की ड्रायव्हरची ड्युटी दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती, लांबच्या मार्गावर ड्युटी जास्तीत जास्त दहा तास. मागच्या वर्षीच्या त्या काकांना हे कुणी दिलंच नव्हतं.

नागपूरला पोचायला साडेदहा झाले, मेट्रो बंद झालेली. इथं बहुतेक गाड्या पोरांना चौकात उतरवून मोकळ्या होतात. यांनी वाडी, रवीनगर आणि कॉलेज गेट असे तीनच थांबे ठेवले, आणि गेटवर शेवटच्या मुलीचे बाबा येईपर्यंत बस लाईट लावून उभी होती. ११.४० झाले होते. ते काका एक्स्ट्रा तास मागतील म्हणून मी पाकीट हातात घेऊन उभी होते, त्यांनी नुसतं विचारलं, "आकडा झाला?" मी म्हटलं हाव काका, झाला.

आता जे आवडलं नाही ते. माईक बंद होता, दोन्ही दिवस, म्हणून मॅडमना ओरडून बोलावं लागलं. मागच्या तीन रांगांत एसीचं पाणी गळत होतं, दोघांच्या बॅगा ओल्या झाल्या. चार्जिंग पॉईंट बहुतेक बंद (परतवाड्याचा गोंधळ त्यामुळेच झाला, हे मालकांना सांगितलंय). जीएसटी वेगळा लागेल हे अगदी शेवटी सांगितलं, कॉलेजच्या अकाउंट सेक्शनला हिशोब देताना माझी धावपळ झाली, तर तुम्ही कोटेशन घेतानाच विचारा. फर्स्ट एडच्या डब्यात पट्ट्या आणि कापूस सोडून काही नव्हतं, घाटात तिघांना उलट्या झाल्या, गोळ्या-लिंबू-पिशव्या आम्ही नेल्या होत्या म्हणून निभावलं. एवढे पैसे घेता तर डबा भरलेला ठेवा, ही माझी मनापासून विनंती आहे. आणि दुपारी एक ते चार फोन कुणी उचलत नाही.

डीजे लाईट पाहिजे असेल तर इथं येऊ नका, ते लावतच नाहीत. अंताक्षरी झाली, खूप गायलो, फक्त उभं राहून नाचायला काकांनी मनाई केली होती.

तुम्ही जाणार असाल तर यादी दोन प्रती काढा, नाव, ब्लड ग्रुप, घरचा नंबर, कुणाला दमा किंवा ॲलर्जी आहे का, एक प्रत सरांकडे आणि एक बसमध्ये. ११२ आणि १०८ सगळ्यांना माहीत असतात, पण जिथं चाललो तिथलं जवळचं सरकारी हॉस्पिटल कुठलं ते निघायच्या आधी बघून ठेवा, आम्ही अचलपूरचं लिहून नेलं होतं. गरज पडली नाही.

जानेवारीत आम्हाला नवेगावबांधला पक्षी पाहायला जायचं आहे. फॉर्म भरून दिला, आणि ड्रायव्हरच्या रकान्यात याच काकांचं नाव लिहिलं. मालक म्हणाले तीन आठवडे आधी पक्कं करा, त्यांना मागणी फार आहे.