रिमवरची तीन सुबक भोकं : मोठी पुली टर्न करून घेताना मी कसा फसलो

पुलीच्या रिमच्या (बाहेरच्या कड्याच्या) फेसवर तीन भोकं होती. १६ मिलिमीटरच्या ड्रिलनं मारलेली, १० मिलिमीटर खोल, कडा छान मोडलेल्या, आणि एकमेकांपासून बरोबर १२० अंशांवर. पुली क्रेननं उतरवून घेताना मी त्यांच्यावरून बोट फिरवलं आणि मनात म्हटलं, वा, बॅलन्सिंगही (वजन चहूबाजूंनी सारखं करणं) मन लावून केलंय. पुढचे तीन आठवडे आमचा ब्लोअर (हवा फेकणारा मोठा पंखा) थरथरत होता आणि मी दोष शोधत होतो फाउंडेशनमध्ये, बेअरिंगमध्ये, मोटारीत. चोरानं सही करून ठेवली होती ती त्या तीन भोकांत, पण मला वाचता आली नाही.

काम तसं साधं होतं. ब्लोअरची पट्ट्यांनी चालवली जाणारी पुली, एसपीसी सेक्शनच्या (व्ही-पट्ट्याचं एक माप) सहा ग्रूव्हची (पट्टा बसायच्या खाचांची), पिच व्यास (पट्टा ज्या वर्तुळावर चालतो त्याचा व्यास) १००० मिलिमीटर, बोअर (शाफ्टसाठीचं मधलं भोक) १४०. मोटारीवर ४०० ची पुली, मोटार १४८० आरपीएमची, म्हणजे ब्लोअर ६०० च्या किंचित खाली फिरणार. या वेगाला रिमवर सेकंदाला ३१ मीटर पडतात. बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पुलीला ३३ च्या आसपास वरची मर्यादा धरतात, म्हणजे आम्ही अगदी काठावर, म्हणून स्टील घ्यायचं ठरलं. रिम प्लेट वळवून, बॉस (शाफ्टभोवतीचा जाड भाग) आणि मधली चकती वेल्ड करून, भट्टीत स्ट्रेस रिलीव्ह केलेला (वेल्डिंगचा ताण काढलेला) ब्लँक आम्ही दुसरीकडून चांगला करून घेतला होता. वजन ३०० किलोच्या घरात. उरलं होतं फक्त मशिनिंग. मी बेफिकीर झालो तो इथेच, कारण माझ्या लेखी अवघड भाग संपला होता.

ज्यांना काम दिलं त्यांनी सांगितलं, व्हीटीएल (उभा लेथ) आहे, बोअर आणि रिम एकाच सेटिंगमध्ये करून देतो. मला हेच ऐकायचं होतं. एवढा जड आणि पसरट जॉब आडव्या लेथच्या चकवर टांगला की तो आपल्या वजनानं खाली ओढतो, पकडायला त्रास, डायल (जॉब किती हलतो ते काट्यानं दाखवणारं माप) लावायला त्रास. उभ्या लेथवर तो टेबलावर आडवा पडून राहतो, वजन टेबल घेतं, जॉ (पकडणारे जबडे) फक्त हलू देत नाहीत. एकदा सेट झाला की बोअर, वरचा फेस, रिमचा बाहेरचा व्यास आणि सगळे ग्रूव्ह जॉब न हलवता होतात, म्हणून सगळं एकाच मध्याभोवती येतं. पुलीत मोजायचं ते हेच. बाकी सगळी चमक.

पुरावा म्हणून त्यांनी फोटोही पाठवला. टेबलावर मोठी पुली, बाजूनं टूल, खाली निळसर चिप्सचा ढीग. मी तो फोटो आमच्या ऑफिसमध्ये चार जणांना दाखवला. महिन्यानंतर तोच फोटो अंगठ्यानं मोठा करून पाहिला, तर रिमच्या काठावरून आतली जेमतेम दोन बोटं जागा दिसत होती आणि तिथे चक्क आरे होते. आमच्या पुलीला आरे नाहीतच, बंद प्लेटची चकती आहे. कुणाची तरी पुली, कुणाचं तरी मशिन.

अर्धे पैसे आगाऊ दिले होते, उरलेले माल उतरताना द्यायचे ठरलं होतं. पुली आली ती चंदेरी रंग मारलेली, सहाही ग्रूव्हसकट. मामा, म्हणजे आमचे जुने फिटर, तेव्हाच पुटपुटले होते, "ग्रूव्हला कोण रंग देतं? तिथं पट्टा घासणार ना." मी म्हटलं, गंजू नये म्हणून दिला असेल. गंजू नये म्हणून तेल लावतात, हे मला काय माहीत नव्हतं? पण ट्रक उभा होता, ड्रायव्हर घाई करत होता आणि ब्लोअर बंद होता. चलनावर "माल तपासून मिळाला" अशी छापील ओळ होती, तिच्याखाली मी सही केली. तपासलं काय, तर व्हर्निअरनं बोअरचं तोंड, तेही एका जागी.

सोबत तपासणीचा रिपोर्ट होता. तो आता मी नवीन पोरांना शिकवायला वापरतो. बोअर तीन खोलींवर, प्रत्येक खोलीला दोन दिशांनी: सहाही ठिकाणी १४०.०२. ग्रूव्हचा कोन सहाही ठिकाणी ३८ अंश शून्य मिनिटं. रनआउट (फिरताना मध्यापासून होणारी हालचाल) सगळीकडे ०.०२. आणि पिच व्यास सहाही ग्रूव्हचा १०००.००. हाताखालून चार जॉब गेलेल्या माणसाला एवढंच पुरायला हवं. खऱ्या मापांत शेवटचा आकडा नाचतो. शिवाय एक मीटर स्टील दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०११५ मिलिमीटर वाढतं. सकाळी आणि दुपारी शेडमध्ये दहा अंशांचा फरक असला, तर व्यासच ०.११ नं बदलतो. आणि हे महाशय तापमान न लिहिता शतांश मिलिमीटरपर्यंत अचूक. पिच व्यास हवेत मोजता येत नाही, ग्रूव्हमध्ये ठराविक जाडीच्या पिना बसवून त्यांच्यावरून माप काढावं लागतं. रिपोर्टमध्ये पिनेचा व्यासही नव्हता.

पुली बसवताना मात्र सगळे खूश. शाफ्टवर घट्ट गेली, शेवटी हातोड्याचे दोनचार ठोके लागले. "फिट मस्त आहे," असं मीच म्हणालो. ते वाक्य अजून टोचतं.

ब्लोअर सुरू केल्यावर पहिल्या तासातच पेडेस्टलवर ठेवलेला पाण्याचा ग्लास हिंदकळायला लागला. आठवड्यात गार्डखाली काळी रबराची पूड साचली. पुलीकडचं बेअरिंग हाताला चटका बसेल इतकं तापायला लागलं. आम्ही अलाइनमेंट दोनदा केली, फाउंडेशनचे बोल्ट आवळले, बेअरिंग बदललं. बेअरिंग फुकट गेलं आणि तीन आठवडेही. संशय पुलीवर का गेला नाही? नवी होती ना, आणि रिपोर्ट होता.

शेवटी मामांनी गार्ड काढून, वीज तोडून, कुलूप लावून, रिमवर डायल लावला आणि पुली हातानं फिरवली. काटा एका बाजूला गेला, परत आला. पूर्ण फेऱ्यात ०.६ मिलिमीटर. म्हणजे रिमचा मध्य शाफ्टच्या मध्यापासून ०.३ बाजूला. मामा काही बोलले नाहीत, नुसता पुन्हा एकदा फेरा मारून दाखवला.

हे ०.३ ऐकायला किरकोळ वाटतं. हिशोब करून बघा. या वेगाला आयएसओ २१९४० मधला बॅलन्सिंगचा जी ६.३ दर्जा धरला तर वस्तुमानाचा मध्य सुमारे ०.१ मिलिमीटरच सरकलेला चालतो. ३०० किलोला ते ३०,००० ग्रॅम-मिलिमीटर होतात, म्हणजे रिमजवळ फक्त ६५ ग्रॅम. आमची पुली उतरवून, मँड्रेलवर (तात्पुरत्या शाफ्टवर) बसवून, दोन लेव्हल केलेल्या नाइफ एजवर (धारेसारख्या आधारांवर) ठेवली तर ती झुलत झुलत जड बाजू खाली करून थांबली. समोरच्या बाजूला वजनं चिकटवत गेलो. २५० ग्रॅम लावल्यावर ती कुठेही थांबायला लागली. चालू असताना हे २५० ग्रॅम शाफ्टला सुमारे ४५ किलोच्या जोरानं ओढत होते, सेकंदाला दहा वेळा दिशा बदलत.

आणि मग ती तीन भोकं. एका भोकातून साधारण १६ ग्रॅम धातू जातो. तीन भोकं समान अंतरावर, समान खोलीची: तिघांची बेरीज शून्य. जड बाजूचं वजन कमी करायला भोकं मारायची असतात, तर ती एकाच बाजूला असणार. चहूकडे सारखी मारलेली भोकं म्हणजे कपाळावरचं गंध, दर्शनापुरतं. ज्यानं ती मारली त्याला बॅलन्सिंग कसं दिसतं हे ठाऊक होतं, कसं करतात ते नव्हतं. किंवा ठाऊक होतं आणि माझ्यासारख्या माणसाला ते पुरेल हेही ठाऊक होतं.

बोअरमध्ये टॉर्च मारला तेव्हा मात्र माझे हातपाय गार पडले. दोन्ही तोंडांपासून बोटभर आत, चार रांगांत बारीक ठिपके. सेंटर पंचाचे. बोअर मोठं झालं की पंच मारून धातूचे उंचवटे काढायचे, म्हणजे शाफ्ट घट्ट जातो आणि गिऱ्हाईक म्हणतं, फिट मस्त आहे. ठिपक्यांची टोकं शाफ्टनं चपटी करून चकचकीत केली होती. ठिपके टाळून बोअर गेज लावला: १४०.११. एच ७ या फिटच्या मर्यादेत १४० च्या बोअरला १४०.०४ च्या वर जाता येत नाही. पुली शाफ्टवर नव्हे, त्या ठिपक्यांवर उभी होती.

ग्रूव्हचा रंग थिनरनं पुसला. चौथ्या ग्रूव्हच्या भिंतीवर नखभर जागेत टूल घुसलं होतं, ते लांबी (पुट्टी) भरून सपाट केलं होतं. कोनाचं गेज बसवून मागून उजेड धरला तर सहाही ग्रूव्हमध्ये तळाशी फट. कोन ३४ चा होता. एसपीसीमध्ये ३१५ पर्यंतच्या पिच व्यासाला ३४ आणि त्याच्या वर ३८ अंश, कारण छोट्या पुलीवर पट्टा जास्त वाकतो आणि वाकताना त्याच्या भिंती तळाशी फुगून त्याचा कोन कमी होतो. मोठ्या पुलीवर तेवढा वाकत नाही, म्हणून ३४ च्या ग्रूव्हमध्ये तो फक्त वरच्या काठांवर टेकतो. आमच्या पट्ट्यांच्या वरच्या कडा सोलल्या होत्या, खालचा अर्धा भाग कोरा. त्यांच्याकडे छोट्या पुलीचं घासलेलं टूल असणार, तेच वापरलं.

न सांगता त्यांच्या शेडवर गेलो. व्हीटीएल नव्हतं. कोपऱ्यात एक मोठा गॅप बेडचा जुना लेथ होता. आधी एका बाजूनं बोअर, मग जॉब उलटा करून रिम, मध्ये डायल लावलाच नसावा. मालक शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही माल तपासून सही केलीय. वर हातोडा मारून बसवलीत. बोअर तुमच्याकडे बिघडलं, आमच्याकडे नाही." पंचाच्या ठिपक्यांचे फोटो दाखवले तर म्हणे ते तुमच्या फिटरनं मारले असतील. चलन त्याच्याकडे, सही माझी. पैसे परत आले नाहीत. व्हीटीएलचं आणि एका सेटिंगचं बोलणं सगळं फोनवर झालं होतं, ऑर्डरमध्ये फक्त "पुली मशिनिंग, ड्रॉइंगप्रमाणे" एवढंच लिहिलं होतं.

आता मी ऑर्डरमध्ये लिहितो: बोअर, फेस, रिम आणि ग्रूव्ह एका सेटिंगमध्ये, जॉब मशिनवरून सोडण्याआधी आमचा माणूस डायल आणि बोअर गेज लावणार, ग्रूव्हला रंग नाही, बॅलन्सिंग आमच्यासमोर, चलनावर "तपासणी बाकी" असा शेरा. तपासणीला गेलो की रिपोर्टकडे बघतही नाही. स्वतःचा बोअर गेज आणि कोनाचं गेज खिशात घेऊन जातो. एकानं यावर तोंड वाकडं केलं होतं, त्याला काम दिलं नाही.

पुली वाचली. दुसऱ्या शॉपनं बोअर १८० पर्यंत वाढवलं, जुना की-वे (शाफ्टच्या चावीची खाच) त्यातच गेला. तापवून जाड स्टीलची बुश बसवली, सांध्यावर पिना मारल्या, मग सगळा जॉब व्हीटीएलवर एका सेटिंगमध्ये. टेबल मिनिटाला जेमतेम तीस-बत्तीस फेरे घेत होतं, ग्रूव्हच्या फिनिशला तर पाच-सहाच. ग्रूव्ह ३८ चे केले, टूल घुसलेली जागा निघेपर्यंत सगळे खोल गेले आणि पिच व्यास ९९४ वर आला. ब्लोअरचा वेग तीन-चार आरपीएमनं वाढला, तो चालतो. की-वे नंतर स्लॉटरवर (खाच कापायच्या मशिनवर) केला. जॉब सोडण्याआधी तिथल्या टर्नरनं फोन केला, "डायल लावून ठेवलाय, या बघायला." गेलो. काटा हलत होता की नाही हे बघायला मला चष्मा पुसावा लागला.

बॅलन्सिंग माझ्यासमोर झालं. शेवटी दोन भोकं मारावी लागली. दोन्ही एकाच बाजूला, शेजारी शेजारी, एक खोल आणि एक उथळ. दिसायला अगदीच वाकडी.